ध्यान ‘धर्मनिरपेक्ष’ कधी असते? न्यू जर्सीच्या खटल्यापासून आपल्या शाळेच्या परिपाठापर्यंत

‘हा धर्म नाही, हे विज्ञान आहे.’ ध्यान आणि योग शिकवणाऱ्या बहुतेक संस्थांच्या पत्रकात हे वाक्य कुठे ना कुठे सापडते. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला. बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला. दोन्ही ठरावांत भारत सरकार पुढे होते. या निमित्ताने शाळा, महाविद्यालये, पोलीस ठाणी, तुरुंग आणि सरकारी कार्यालये इथे ध्यानाचे कार्यक्रम वाढत आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य ऐकू येते.

वस्तीत काम करताना तरुण मुले-मुली आम्हाला सरळ विचारतात: बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने यात बसायचे की नाही?

आपल्याकडे याची दोन तयार उत्तरे आहेत. पहिले म्हणजे, हे सगळे ब्राह्मणी आहे, बहिष्कार घाला. दुसरे म्हणजे, श्वासच तर घ्यायचा आहे, त्यात कसला धर्म? दोन्ही उत्तरे विचार करण्याचे कष्ट वाचवतात. पहिले उत्तर फक्त उगम बघते. दुसरे उत्तर फक्त पाटी वाचते. आमच्या मते उगमावरूनही हा प्रश्न सुटत नाही आणि पाटीवरूनही सुटत नाही. बंद खोलीत प्रत्यक्षात काय करायला लावतात, कोणापुढे मान झुकते, काय लपवले जाते आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होते, यावरून तो सुटतो. आणि ही कसोटी दुसऱ्यांना लावायची तर ती आपल्या विपश्यनेलाही लावावी लागेल.

पाच शाळा आणि एक पूजा

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला न्यायनिवाडा अमेरिकेतला आहे. १९७५-७६ या शैक्षणिक वर्षात न्यू जर्सी राज्यातील पाच सरकारी हायस्कूलमध्ये एक ऐच्छिक विषय सुरू झाला. नाव होते ‘सर्जनशील बुद्धिमत्तेचे विज्ञान’. त्याचा प्रात्यक्षिक भाग म्हणजे महर्षी महेश योगी यांचे भावातीत ध्यान. शिकवणारे महर्षींच्या संस्थेने तयार केलेले होते, पाठ्यपुस्तक संस्थेचे होते आणि खर्चासाठी केंद्र सरकारचा निधीही मिळाला होता. संस्थेचे म्हणणे असे की ही मनाला विश्रांती देणारी एक पद्धत आहे, कोणत्याही धर्माचा माणूस ती करू शकतो.

अडचण मंत्रापाशी सुरू झाली. ध्यान करायचे तर मंत्र हवा, आणि मंत्र हवा तर एका समारंभाला जावे लागे. हा समारंभ शाळेत होत नसे. तो रविवारी, शाळेबाहेर होई. विद्यार्थ्याने फळे, फुले आणि एक पांढरा रुमाल आणायचा. खोलीत महर्षींचे गुरू, ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांची तसबीर. शिक्षक त्या तसबिरीसमोर संस्कृतमध्ये स्तवन म्हणत आणि आणलेल्या वस्तू अर्पण करत. त्यानंतर विद्यार्थ्याला त्याचा मंत्र मिळे आणि तो कोणालाही सांगायचा नाही अशी ताकीद मिळे. म्हटले जात होते त्याचा अर्थ त्या पोरांना माहीत नव्हता.

पालक आणि काही संघटना न्यायालयात गेल्या. संस्कृत स्तवनाचे इंग्रजी भाषांतर न्यायाधीशांसमोर आले. त्यात गुरूला ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांच्या रूपात वंदन होते आणि पुन्हापुन्हा नमन होते. संस्थेने बाजू मांडली की ही पूजा केवळ परंपरेविषयी कृतज्ञता व्यक्त करते. १९७७ मध्ये न्यायाधीश एच. कर्टिस मीनर यांनी हा युक्तिवाद फेटाळला. १९७९ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. हा खटला ‘मॅलनाक विरुद्ध योगी’ या नावाने ओळखला जातो.

वरच्या न्यायालयातील न्यायाधीश आर्लिन अ‍ॅडम्स यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रात धर्म ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या. एक, ती शिकवण जीवन, मृत्यू, विश्वाचे मूळ अशा अंतिम प्रश्नांना हात घालते का? दोन, ती एखाद्या सुट्या मुद्द्यापुरती आहे की सगळ्या जगण्याचा अर्थ लावणारी आहे? तीन, तिला धर्माच्या बाहेरच्या खुणा आहेत का, म्हणजे विधी, पुरोहित, दीक्षा, संघटना, प्रसार? एकच खूण सापडली म्हणून काही धर्म ठरत नाही. तिन्ही एकत्र ठेवून बघायचे.

या निकालातून आपण एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘आम्ही याला धर्म मानत नाही’ हे चालवणाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने ऐकले, पण तेवढ्यावर निर्णय सोडला नाही. आपल्या कृतीला काय म्हणायचे हे करणारा ठरवू शकतो. सरकारी शाळेत, सरकारी पैशातून ती कृती चालू द्यायची का, हे मात्र तो एकटा ठरवू शकत नाही.

मूळ तेच, निकाल उलटा

तर मग हिंदू परंपरेतून आलेले प्रत्येक ध्यान, प्रत्येक आसन धार्मिकच का? तसे नाही. अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण बघू.

कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास या गावच्या सरकारी शाळांनी अष्टांग योगाचे वर्ग सुरू केले. म्हैसूरचे योगगुरू के. पट्टाभि जोइस यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानने त्यासाठी पैसे दिले होते. काही ख्रिस्ती पालकांनी दावा लावला. या वेळी निकाल शाळेच्या बाजूने गेला. २०१५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने म्हटले की शाळेत जे चालते ते धार्मिक नाही.

कारण शाळेने काय काय काढून टाकले होते ते बघा. संस्कृत नावे गेली. पद्मासनाला मुलांच्या बोलीतले, मांडी घालून बसण्याचे साधे नाव आले. ‘नमस्ते’ गेले. मंत्र नव्हता, तसबीर नव्हती, दीक्षा नव्हती. शिल्लक राहिले ताणणे, तोल सांभाळणे आणि श्वास. खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश तर म्हणाले होते की योगाचे मूळ धार्मिक आहे, पण या शाळेत जे शिकवले जाते ते धार्मिक नाही. उगम आणि आजचा वापर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दोन्ही खटले एकत्र वाचल्यावर कळते.

आपल्यासाठी तर हे नवीन नाही. सिद्धार्थ गौतमांनी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकले, त्यातले जे पटले ते घेतले आणि पुढे गेले. श्वासावर लक्ष ठेवणे ही कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही. म्हणून ‘योग म्हणजे हिंदू, म्हणून अस्पृश्य’ हा युक्तिवाद बौद्धांच्या तोंडी शोभत नाही. आपली हरकत श्वासाला नाही, त्याच्यासोबत जे गुपचूप आत येते त्याला आहे.

आणि ते आजही येते. २०१५ नंतरच्या काही वर्षांत शिकागोच्या सरकारी शाळांत ‘क्वाएट टाइम’ नावाने भावातीत ध्यान चालवले गेले. डेव्हिड लिंच फाउंडेशन आणि शिकागो विद्यापीठातले संशोधक त्यात होते. पुढे माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. त्यांची तक्रार ऐकल्यावर १९७७ च्या निकालाची पाने पुन्हा वाचतोय असे वाटते: तसबीर, फळे, संस्कृत स्तवन, गुप्त मंत्र आणि ‘हा धर्म नाही’ हे आश्वासन. तक्रार करणाऱ्यांत एक मुस्लिम विद्यार्थिनीही होती. २०२३ मध्ये एका माजी विद्यार्थिनीच्या दाव्यात शाळा मंडळाने आणि फाउंडेशनने भरपाई देऊन प्रकरण मिटवले. पाटी बदलली होती, खोलीतली पूजा तीच होती, असा त्या मुलांचा आरोप होता.

पूजा कशासाठी होती?

इथे एक साधा प्रश्न विचारता येतो. मनाला शांतता मिळण्यासाठी पूजा आणि गुप्त मंत्र लागतो का?

हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी भावातीत ध्यान करणाऱ्यांच्याच शरीरातील बदलांचा अभ्यास केला होता. १९७५ मध्ये, म्हणजे न्यू जर्सीत तो विषय सुरू झाला त्याच वर्षी, त्यांचे ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे असे की कोणताही साधा शब्द शांतपणे मनात घोळवत राहिले, मध्ये येणारे विचार सोडून दिले, तर शरीराला तशीच विश्रांती मिळते. त्यांनी सुचवलेला शब्द होता ‘वन’, म्हणजे ‘एक’. आपल्याकडचा पहिलीतला मुलगाही तो शिकवू शकेल.

शब्द कोणताही चालत असेल, तर मग गुप्त मंत्राचे आणि पूजेचे काम काय? ते काम शरीराचे नसून नात्याचे आहे. गुरू, परंपरा आणि शिष्य यांचे नाते त्या खोलीत बांधले जाते. त्या नात्याला लोक धर्म म्हणतात. त्यात वाईट काही नाही. ज्याला हवे त्याने ते जरूर जोडावे. आमचा आक्षेप ते विज्ञान म्हणून विकण्याला आहे. बुद्धांनी महापरिनिब्बानाच्या आधी आनंदाला सांगितले की तथागताने शिकवण देताना आचार्याची मूठ कधी झाकून ठेवली नाही. जी गोष्ट झाकलेल्या मुठीतून दिली जाते, तिला विज्ञान म्हणता येत नाही. विज्ञानाची तर पहिली अट उघडेपणा आहे.

पाटी कोणाच्या सोयीची?

‘धर्म नाही’ ही पाटी लावण्यामागे व्यवहारही असतो. धर्म नसला की सरकारी शाळेचे दार उघडते, निधी मिळतो, करात सवलत मिळते, सर्व धर्मांचे ग्राहक मिळतात. आपल्याकडे २०१५ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यातील ‘धर्मादाय हेतू’च्या व्याख्येत ‘योग’ हा शब्द स्वतंत्रपणे घातला गेला. म्हणजे शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या रांगेत योग बसला.

पण हीच पाटी अडचणीची ठरली की काय होते, ते ऑरोव्हिलच्या खटल्यात दिसले. १९८० मध्ये केंद्र सरकारने कायदा करून ऑरोव्हिलचा कारभार हाती घेतला. तेव्हा श्री अरविंद सोसायटीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात सांगितले गेले की आम्ही धार्मिक संप्रदाय आहोत, आमच्या कारभारात हात घालता येणार नाही. न्यायालयाने बहुमताने हे नाकारले. अरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नाही, असे ठरले. संस्थेची स्वतःची कागदपत्रे आणि संशोधन संस्था म्हणून घेतलेली करसवलत तिच्याच विरोधात गेली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे मत मात्र वेगळे होते. त्यांच्या मते या शिकवणीला धार्मिक संप्रदाय मानता येईल. (शेवटच्या आदेशाशी तेही सहमत होते.)

म्हणजे आत शिरताना धर्म नाही आणि हिशेब मागितला की धर्म. ही लवचिकता फक्त एका संस्थेची नाही. शासनाचीही आहे.

आपल्या देशात ‘संस्कृती’ नावाची तिसरी पाटी

अमेरिकेत वाद दोन शब्दांत होतो: धर्म की विज्ञान. आपल्याकडे तिसरा शब्द आहे, संस्कृती. धर्म म्हणून अडवले की विज्ञान म्हणायचे, विज्ञान म्हणून पुरावा मागितला की संस्कृती म्हणायचे, आणि संस्कृतीला नकार दिला की माणूस देशद्रोही ठरवायचा.

पहिल्या योग दिनाच्या वेळी, २०१५ मध्ये, हे उघड दिसले. मुस्लिम संघटनांच्या हरकतीनंतर सूर्यनमस्कार कार्यक्रमातून वगळले गेले आणि ॐ म्हणणे ऐच्छिक आहे असे सरकारला सांगावे लागले. पण योग दिनाच्या अधिकृत सामायिक अभ्यासक्रमाची सुरुवात आजही ऋग्वेदातील प्रार्थनेने होते आणि शेवट शांतिपाठाने. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजस्थान सरकारने सूर्यसप्तमीला शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. तारीखच सूर्यपूजेची निवडली, आणि तरीही हा फक्त व्यायाम आहे असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये योग शाळांत सक्तीचा करण्याची मागणी करणारी याचिका फेटाळली होती, हे या सगळ्यात कोणी आठवत नाही.

संविधान काय म्हणते? अनुच्छेद २८ चा पहिला भाग सांगतो की संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही. तिसरा भाग सांगतो की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी कारणे दिली होती. करातून आलेला सगळ्यांचा पैसा एका धर्मासाठी वापरता येणार नाही. आणि इतके धर्म असलेल्या देशात सगळ्यांना न्याय देणारे धार्मिक शिक्षण राज्य देऊच शकत नाही. हे दोन्ही मुद्दे आजही तितकेच लागू आहेत.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. धर्मांविषयी शिकणे आणि धर्म करायला लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांची माहिती शिकवण्याला अनुच्छेद २८ आड येत नाही असे म्हटले. म्हणजे इतिहासाच्या तासाला पतंजली शिकवला तर आपण हरकत घ्यायचे कारण नाही. त्या योगसूत्रांत ईश्वरप्रणिधान आहे हेही शिकवा. पण परिपाठाला हात जोडून उभे करणे म्हणजे शिकवणे नव्हे.

महाराष्ट्रात यावर स्पष्ट निकाल आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत. शाळेने ती बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. हात जोडण्याची सक्ती करता येत नाही, हे त्यातून ठरले. हा निकाल आपल्या प्रत्येक शिक्षक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा.

केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे पाठवला. त्या वेळी सरकारची बाजू अशी होती की उपनिषदातील ती वचने सार्वत्रिक सत्य सांगतात. ‘सार्वत्रिक’ हा शब्द ऐकला की आपण सावध व्हायला हवे. बहुसंख्याकांचे ते सार्वत्रिक आणि अल्पसंख्याकांचे ते धार्मिक, असा अर्थ त्यातून कधी निघतो ते कळत नाही. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्धांनाही धरले आहे. ते एका मर्यादित कारणासाठी आहे, पण ‘तुम्हीही हिंदूच, मग ॐ म्हणायला काय हरकत’ हे ऐकणाऱ्या मुलाला ती मर्यादा कोण समजावून सांगणार?

तीच फूटपट्टी आपल्या घरात

आता अवघड भाग. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि विपश्यना घेऊन आले. इगतपुरीचे धम्मगिरी, गोराईचा पॅगोडा, देशभरातली केंद्रे हे त्यातून उभे राहिले. गोयंका गुरुजींनी शेवटपर्यंत सांगितले की ही साधना सांप्रदायिक नाही, कोणत्याही धर्माचा माणूस ती करू शकतो. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाच्या ‘मित्र उपक्रमा’तून शाळांत आनापान शिकवले गेले. शासकीय कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत आहे. १९९० च्या दशकात तिहार तुरुंगात शिबिरे झाली आणि त्यांचे जगभर कौतुक झाले.

आपल्याला याचा आनंद होतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण अ‍ॅडम्स यांच्या तीन खुणा दहा दिवसांच्या शिबिराला लावून बघा. शिबिराची सुरुवात बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाऊन होते. पंचशील घेतले जाते. पालीत साधनेची याचना होते. रोज पालीतील वचने कानावर पडतात. संध्याकाळच्या प्रवचनात दुःख, अनित्यता आणि मुक्ती यांची चर्चा होते. अंतिम प्रश्न आहेत, सगळ्या जगण्याचा विचार आहे, विधीही आहेत. न्यू जर्सीच्या न्यायाधीशांसमोर हे आले असते तर त्यांनी काय म्हटले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या डोनाल्डसन तुरुंगात २००२ मध्ये विपश्यना शिबिरे झाली, तेव्हा तुरुंगातील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हरकतीनंतर ती काही वर्षे बंद राहिली.

शाळेतले आनापान वेगळे आहे. तिथे काही मिनिटे येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. मंत्र नाही, तसबीर नाही, नैवेद्य नाही, गुपित नाही. एन्सिनिटासच्या कसोटीवर ते टिकेल असे आम्हाला वाटते. पण टिकण्याची एक अट आहे. एखाद्या हिंदू, मुस्लिम किंवा ख्रिस्ती पालकाने ‘माझ्या मुलाला नको’ म्हटले, तर त्या मुलाला कोणतीही शिक्षा न होता, वर्गात टोमणा न बसता बाहेर राहता आले पाहिजे. आपल्या मुलासाठी जो हक्क मागतो, तो त्यांच्या मुलासाठी आपणच मागितला पाहिजे. नाहीतर आपलीही लढाई तत्त्वाची न राहता पाटी बदलण्याची होईल.

यात आपले एक नुकसानही आहे. दार उघडावे म्हणून ‘धर्म नाही’ म्हणता म्हणता बुद्धच बाहेर राहतात. आज मोठमोठ्या कंपन्यांत ‘माइंडफुलनेस’ शिकवले जाते. त्यात सति आहे, पण शील नाही. सम्यक आजीविका नाही, म्हणजे ही कंपनी पैसा कसा कमावते हा प्रश्न नाही. समतेचा तर शब्दही नाही.

कोणाला डोळे मिटायला सांगतात?

समाजशास्त्राच्या अंगाने बघितले तर आणखी एक गोष्ट दिसते. हे कार्यक्रम कुठे चालतात? सरकारी शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, तुरुंग, पोलीस दल. शिकागोत ते प्रामुख्याने गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शाळांत होते आणि हिंसाचार कमी व्हावा हा हेतू सांगितला गेला. या सगळ्या जागांत एक साम्य आहे. तिथला माणूस सहजासहजी ‘नाही’ म्हणू शकत नाही. मार्क शिक्षकाच्या हातात, माफी जेलरच्या हातात, बदली साहेबांच्या हातात. अशा ठिकाणी ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

आणि ताण कशाचा आहे हेही विचारायला हवे. ज्या मुलाची शिष्यवृत्ती वर्षभर अडकली आहे, ज्याला वर्गात आडनावावरून ओळखले जाते, त्याचा ताण त्याच्या श्वासात निर्माण झालेला नाही. ध्यानाने त्याला बळ मिळेल, ते मिळावे. पण ज्या व्यवस्थेने ताण दिला ती व्यवस्था ध्यान देऊन मोकळी होऊ शकत नाही.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इथे उपयोगी पडतो. धर्म म्हणजे रिलिजन ही प्रत्येकाची वैयक्तिक बाब मानली जाते, तर धम्म मुळातच सामाजिक आहे, असा फरक त्यांनी केला. दोन माणसांमधला व्यवहार सुरू झाला की धम्माचा प्रश्न येतो. म्हणूनच समाजाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच मुक्तीत बुडालेला भिक्खू त्यांना मान्य नव्हता. ‘धम्म हा रिलिजन नाही’ हे बाबासाहेबांचे म्हणणे आणि ‘हा धर्म नाही’ हे ध्यानसंस्थांचे म्हणणे वरून सारखे वाटते, पण त्यांचा रोख उलटा आहे. संस्थांना त्या वाक्याने प्रश्न बंद करायचे असतात. बाबासाहेबांना माणसामाणसांतल्या वागण्याचे प्रश्न उघडायचे होते.

परिपत्रक आले की काय विचारायचे?

बहिष्काराच्या घोषणेने आपली मुले एकटी पडतात. मुकाट बसल्याने सवय लागते. त्यापेक्षा प्रश्न विचारणे बरे. शाळेत, महाविद्यालयात किंवा कार्यालयात ध्यानाचा कार्यक्रम ठरला की आपण पाच प्रश्न लेखी विचारावेत.

१. काय म्हणायला लावणार आहात? मंत्र, प्रार्थना, स्तवन असेल तर त्याचा मराठी अर्थ आधी द्यावा.

२. तसबीर, दिवा, फुले, नमस्कार यांपैकी काय असेल? कोणाला वंदन होईल?

३. काही गुप्त आहे का? जे पालकांना सांगता येत नाही ते मुलाला देऊ नये.

४. संस्था कोणती आणि पैसा कोणाचा? संस्थेशी झालेला करार माहितीच्या अधिकारात मागता येतो.

५. भाग न घेणाऱ्यासाठी सोय काय? पालकांची लेखी संमती घेतली आहे का? त्या वेळात तो मुलगा कुठे बसेल आणि त्याच्या गुणांवर, हजेरीवर परिणाम होणार नाही हे कोण लिहून देईल?

उत्तरे समाधानकारक असतील तर मुलाने बसावे, श्वास बघावा, त्यात बिघडत काही नाही. ब्रह्मा-विष्णू-महेशाचे स्तवन असेल तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या पहिल्याच प्रतिज्ञेशी त्याची गाठ पडते, आणि अशा वेळी नकार देणे हा आपला मूलभूत हक्क आहे. मुख्याध्यापकांना अनुच्छेद २८ दाखवा, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, गरज पडली तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. आणि हेच पाच प्रश्न आपल्या विहाराने शाळेत चालवलेल्या आनापान वर्गाला कोणी विचारले, तर रागावू नका. बसून, शांतपणे, एकेक करून उत्तर द्या.